कुणाची तसबीर भिंतीवर

ब्रुकलिनमधल्या एका पिझ्झाच्या दुकानात एक भिंत आहे. तिच्यावर फ्रेम केलेले फोटो ओळीने टांगलेत. गायक, नट, खेळाडू. सगळे इटालियन वंशाचे अमेरिकन, कारण दुकानाचा मालक सॅल स्वतः त्या वंशाचा. गिऱ्हाइकं मात्र जवळपास सगळी कृष्णवर्णीय. एके दिवशी बगिन आउट नावाचा तरुण पिझ्झा खाता खाता मान वर करतो आणि विचारतो, या भिंतीवर आमचं कुणीच कसं नाही? सॅलचं उत्तर सरळ असतं. दुकान माझं, भिंत माझी. त्या दिवशी शहरात उकाडा असह्य झालेला असतो. या एवढ्याशा बोलाचालीतून रात्र सरायच्या आत एका तरुणाचा पोलिसांच्या हातून जीव जातो आणि दुकान जळून जातं.

ही स्पाइक ली या दिग्दर्शकाच्या १९८९ सालच्या ‘डू द राइट थिंग’ या चित्रपटाची गोष्ट. या चित्रपटासाठी ‘पब्लिक एनिमी’ या गटाने जे गाणं केलं, त्याचं नाव ‘फाइट द पॉवर’. हिप-हॉपच्या इतिहासात याच्याइतकी गाजलेली गाणी हाताच्या बोटांवर मोजता येतील. लोकांनी ते संतापाचं गाणं म्हणून ऐकलं, आणि संताप त्यात आहेच. पण मला ते दरवेळी तसबिरीचं गाणं वाटतं. भिंतीवर कुणाला जागा मिळते, टपालाच्या तिकिटावर कुणाचा चेहरा येतो, मिरवणुकीत कुणाचा फोटो पुढे असतो, हा त्याचा खरा विषय. चित्रपटाने तो प्रश्न भिंतीपाशी विचारला, गाण्याने टपाल तिकिटापाशी, आणि गाण्याच्या व्हिडिओने भर रस्त्यात त्याचं उत्तर दिलं.

तेव्हाचं न्यूयॉर्क कसं होतं, ते आधी पाहायला हवं. १९८३ मध्ये भुयारी रेल्वेच्या स्थानकात भिंतीवर चित्र काढल्याच्या आरोपावरून मायकल स्टुअर्ट या तरुण कलावंताला पोलिसांनी पकडलं. त्यांच्या ताब्यात असतानाच तो बेशुद्ध झाला आणि पुढे दगावला. १९८४ मध्ये एलिनॉर बंपर्स ही वृद्ध बाई भाडं थकलं म्हणून घराबाहेर काढायला आलेल्या पोलिसांच्या गोळीला बळी पडली. डिसेंबर १९८६ मध्ये क्वीन्स भागातल्या हॉवर्ड बीच वस्तीत मोटार बंद पडली म्हणून तिघे कृष्णवर्णीय तिथल्या एका पिझ्झाच्या दुकानात शिरले. बाहेर गोऱ्या पोरांच्या टोळक्याने त्यांना गाठलं. जीव वाचवायला पळताना मायकल ग्रिफिथ हमरस्त्यावर गेला आणि मोटारीखाली सापडला. तो २३ वर्षांचा होता. ‘डू द राइट थिंग’ ज्या सहा कुटुंबांना अर्पण केलाय, त्यांत या तिघांची कुटुंबं आहेत. चित्रपटातलं पिझ्झाचं दुकान आणि पोलिसांच्या पकडीत गुदमरणारा तरुण याच बातम्यांमधून आले.

स्पाइक लीने १९८८ च्या उन्हाळ्यात ब्रुकलिनमधल्या बेडफर्ड-स्टायव्हेसंट वस्तीत, स्टायव्हेसंट ॲव्हेन्यूच्या एका गल्लीत चित्रीकरण केलं. लोक या वस्तीला बेड-स्टाय म्हणतात. सॅलचं दुकान त्या गल्लीत मुळात नव्हतंच, ते चित्रपटासाठी बांधलं होतं. रेडिओ रहीम हे पात्र या गोष्टीच्या मध्यावर उभं आहे. उंच, धिप्पाड, कमी बोलणारा तरुण. हातात सुटकेसएवढा टेपरेकॉर्डर, आणि त्यावर दिवसभर वाजणारं एकच गाणं. एका प्रसंगात तो कोरियन दुकानदाराकडे त्या यंत्रासाठी मोठे सेल मागतो. एक नाही, दोन नाही, वीस! ज्यांनी ऐंशीच्या दशकात टू-इन-वनमध्ये सेल भरलेत, त्यांना त्या वीस सेलांचं वजन हाताला जाणवेल. या पोराला आपला आवाज रस्त्यावर सोबत नेता यावा म्हणून एवढं ओझं वाहणं मंजूर आहे. पुढे सॅल बेसबॉलच्या दांड्याने तो टेपरेकॉर्डर फोडतो आणि गाणं मध्येच तुटतं. पुढच्या झटापटीत पोलिसांच्या पकडीत जीव जातो तो याच रहीमचा, आणि दंगल त्यानंतर सुरू होते.

रहीमच्या टेपरेकॉर्डरवर कुठलं गाणं वाजेल, हे चित्रपट लिहिताना ठरलेलं नव्हतं. स्पाइक लीच्या मनात आधी वेगळंच होतं. जेम्स वेल्डन जॉन्सनने १९०० साली लिहिलेलं ‘लिफ्ट एव्हरी व्हॉइस अँड सिंग’ हे गीत कृष्णवर्णीय अमेरिकनांचं राष्ट्रगीत मानलं जातं. शाळांत आणि चर्चमध्ये उभं राहून ते गातात. लीला त्याचाच हिप-हॉप अवतार हवा होता. पब्लिक एनिमीचा निर्माता हँक शॉकली याला ते पटेना. त्याने पुढे सांगितलेली आठवण अशी : त्याने खिडकी उघडली आणि बाहेर काय ऐकू येतं, ते स्पाइकला विचारलं. जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांतून धडधडणारी गाणी ऐकू येत होती. रहीमच्या हातातही तेच असायला हवं, असं शॉकलीचं म्हणणं होतं. लीने ते मान्य केलं, पण जुनं गीतही सोडलं नाही. चित्रपटाच्या सुरुवातीला ते एकट्या सॅक्सोफोनवर वाजतं आणि ते संपतं न संपतं तोच ‘फाइट द पॉवर’ कोसळतं. पडद्यावर रोझी पेरेझ नाचू लागते, कधी मुष्टियोद्ध्याचे हातमोजे घालून. एक पिढी दुसरीच्या हाती काय सोपवते, ते त्या दोन-तीन मिनिटांत कळतं.

गाण्याचे शब्द चक डीचे. त्याचं खरं नाव कार्लटन रायडनहवर. लाँग आयलंडवरच्या रूझवेल्ट गावात वाढलेला, ॲडेल्फी विद्यापीठात ग्राफिक डिझाइन शिकलेला, कॉलेजच्या रेडिओवर कार्यक्रम करणारा तरुण. बंदुकीच्या नेमवर्तुळात उभी असलेली काळी आकृती हे गटाचं बोधचिन्हही त्यानेच काढलं. शब्दांइतकंच त्याला चित्रांचंही वळण होतं, हे पुढे कामी आलं. १९८८ मध्ये युरोपच्या दौऱ्यावर विमानात बसून त्याने गाणं लिहायला घेतलं. नाव आलं आयझ्ली ब्रदर्सच्या १९७५ सालच्या गाण्यावरून. ते त्याने लहानपणी ऐकलं होतं. नाव उचललं, बाकी सगळं नवं केलं. सोबत फ्लेव्हर फ्लेव्ह, गळ्यात भलंमोठं घड्याळ अडकवून फिरणारा, चकच्या जड आवाजाला हलकी, फुटकी, चपळ साथ देणारा. गोंधळी आणि त्याचा झिलकरी यांच्यात जशी देवाणघेवाण चालते, तशीच या दोघांत चालते. एक सांगतो, दुसरा ती ओळ उचलून धरतो.

संगीत केलं ‘बॉम्ब स्क्वॉड’ने. म्हणजे हँक शॉकली, त्याचा भाऊ कीथ, एरिक सॅडलर आणि स्वतः चक डी. जागा होती न्यूयॉर्कमधला ग्रीन स्ट्रीट रेकॉर्डिंग स्टुडिओ. गाणं पहिल्यांदा ऐकलं की वाटतं, रस्त्यावरचा सगळा कलकलाट कुणीतरी उचलून टेपवर ओतलाय. पण त्यातला प्रत्येक आवाज वेचून, मोजून बसवलेला आहे. जुन्या रेकॉर्डमधला एखादा ठेका, एखादी किंकाळी, गिटारचा एखादा फटकारा कापून घ्यायचा आणि यंत्रात भरून पुन्हा पुन्हा वाजवायचा. याला सॅम्पल म्हणतात. बॉम्ब स्क्वॉडच्या हाताशी जी यंत्रं होती, त्यांतल्या एसपी-१२०० या यंत्रात सगळे आवाज मिळून जेमतेम दहा सेकंद मावत. एक तुकडा अडीच सेकंदांहून लांब ठेवता येत नसे. म्हणजे एका श्वासापेक्षाही कमी. त्यामुळे कुठलाही तुकडा ऐसपैस बसू शकत नव्हता. सगळ्यांना दाटीवाटीने, एकमेकांवर रेलून उभं राहावं लागलं. लोकल गाडीच्या गर्दीसारखी ही घट्ट वीण या गाण्याच्या आवाजाचं मर्म आहे.

ते तुकडे कुणाचे, हेही पाहा. जेम्स ब्राउन, स्ली अँड द फॅमिली स्टोन, बॉब मार्ली, आफ्रिका बंबाटा. गाण्याच्या अगदी सुरुवातीला नागरी हक्कांसाठी लढणारे वकील टॉमस टॉड यांच्या भाषणातलं एक वाक्य. म्हणजे गाण्याच्या आतच एक भिंत उभी आहे आणि तिच्यावर कृष्णवर्णीय संगीताचे आणि विचारांचे फोटो टांगलेत. फक्त ते डोळ्यांनी नाही, कानांनी ओळखायचे. ज्याला ते ओळखू येतात, त्याच्यासाठी साडेचार मिनिटांच्या या गाण्यात सगळा वारसा हजर आहे. मला यातली ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते. शाळेच्या पुस्तकाने जो इतिहास सांगितला नाही, तो त्यांनी ठेक्यात भरला.

त्यातलाच एक ठेका जवळून ऐकू. जेम्स ब्राउनने नोव्हेंबर १९६९ मध्ये सिनसिनाटी शहरात ‘फंकी ड्रमर’ नावाचं गाणं रेकॉर्ड केलं. त्याच्या शेवटाकडे बाकीची वाद्यं थांबतात आणि ड्रमवर बसलेला क्लाइड स्टबलफील्ड आठ आवर्तनं एकटा वाजवतो. वीसेक सेकंदांचं काम. उजव्या हाताची झांज एकसारखी धावते. डाव्या हाताखालचा ड्रम मधल्या फटींमध्ये इतके बारीक, हलके ठोके पेरतो की कान देऊन ऐकल्याशिवाय ते जाणवतही नाहीत. पण ते काढून टाकले तर ठेका मरतो. हिप-हॉपमध्ये हा तुकडा शेकडो गाण्यांनी वापरला, ‘फाइट द पॉवर’नेही. स्टबलफील्ड पगारी वादक होता. गाण्यावर त्याचं नाव नव्हतं, त्यामुळे या वापराचं मानधन त्याला मिळायला हवं होतं ते मिळालं नाही. २०१७ मध्ये तो गेला. तसबिरींविषयीच्या गाण्याचा पाया ज्याने रचला, त्याची तसबीर बराच काळ कुणीच लावली नाही. हे चळवळींच्या घरातही घडतं, आणि घडतं तेव्हा ते बोलून दाखवायला हवं.

सॅक्सोफोन वाजवला ब्रॅनफर्ड मार्सालिसने. न्यू ऑर्लिन्सच्या नामांकित संगीतकार घराण्यातला हा जॅझचा वादक. त्याच्याकडून तीन निरनिराळ्या अंगांनी वाजवून घेतलं. यांतला एक निवडतील, असं त्याला वाटलं असणार. बॉम्ब स्क्वॉडने तिन्ही एकमेकांवर चढवले. तीन सूर एकमेकांशी भांडतात आणि ते भांडणच गाण्यात राहतं. संगीताच्या शाळेत याला चूक म्हणतील. पण ज्या शहरात सगळे एकाच वेळी बोलतात आणि कुणी कुणाचं ऐकत नाही, त्या शहराचा आवाज असाच असतो.

शब्दांमध्ये दोन गोष्टी अशा होत्या ज्यांनी अमेरिकेत वादळ उठलं. पहिली, चक डीने एल्विस प्रेस्ली आणि जॉन वेन या दोन लाडक्या दैवतांवर थेट हल्ला केला. एकाला सारा देश गाण्याचा राजा म्हणे, दुसरा पडद्यावरचा गोरा वीरपुरुष. चक डीने पुढे अनेकदा स्पष्ट केलं की गायक म्हणून त्याला एल्विसबद्दल आदर आहे. त्याचा राग त्या राज्याभिषेकावर होता. ‘हाउंड डॉग’ हे गाणं बिग मामा थॉर्न्टन या कृष्णवर्णीय गायिकेने १९५२ साली रेकॉर्ड केलं होतं. १९५६ मध्ये एल्विसने ते गायलं आणि जगाला ते त्याचंच वाटलं. दुसरी गोष्ट टपाल तिकिटांची. आमचे बहुतेक नायक तिकिटांवर दिसत नाहीत, असं गाणं सांगतं. ‘बहुतेक’ म्हटलंय, आणि ते काटेकोर आहे. बुकर टी. वॉशिंग्टन यांच्यावर १९४० मध्ये तिकीट निघालं होतं, फ्रेडरिक डग्लसवर १९६७ मध्ये, हॅरिएट टबमनवर १९७८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंगवर १९७९ मध्ये. पण माल्कम एक्स? पॉल रोबसन? मार्कस गार्व्ही? त्यांच्यासाठी त्या चार दाती कडांमध्ये जागा नव्हती. तिकीट म्हणजे सरकारने लाखो घरांत पाठवलेली तसबीर. ती कुणाची असावी, हा प्रश्न क्षुल्लक नाही.

आता व्हिडिओ. तो स्पाइक लीनेच दिग्दर्शित केला. तेव्हाच्या संगीत व्हिडिओंची रीत म्हणजे स्टुडिओ, धूर, दिवे, नाच. १९८८ मध्ये एमटीव्हीने ‘यो! एमटीव्ही रॅप्स’ सुरू केल्यावर हिप-हॉप अमेरिकेच्या घराघरांत जाऊ लागलं होतं. म्हणजे व्हिडिओ आता गाण्याचं निशाण झाला होता. लीने स्टुडिओ नाकारला आणि मोर्चा काढला. शनिवार, २२ एप्रिल १९८९. मोर्चाचं नाव, वांशिक हिंसाचार संपवण्यासाठी तरुणांचा ब्रुकलिनमधला मोर्चा. चित्रीकरणासाठी भरवलेला मोर्चा होता, हे खरं. पण ज्या हिंसाचाराविरुद्ध तो होता, तो पडद्यावरचा नव्हता. म्हणून चालणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर नाटकाचा मागमूस दिसत नाही.

त्याआधी तीनच दिवस, १९ एप्रिलच्या रात्री, सेंट्रल पार्कमध्ये धावायला गेलेल्या एका गोऱ्या तरुणीवर अमानुष हल्ला झाला होता. हार्लेमची पाच पोरं पकडली गेली, १४ ते १६ वर्षांची, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो. शहरातली वर्तमानपत्रं त्यांच्यासाठी लांडग्यांच्या कळपाची उपमा वापरत होती. त्या पाच जणांनी तुरुंगात वर्षं काढली आणि २००२ मध्ये न्यायालयाने त्यांची दोषसिद्धी रद्द केली. त्या शनिवारी ब्रुकलिनमध्ये जी पोरं रस्त्यावर उतरली, त्यांच्या वयाच्या, त्यांच्या रंगाच्या पोरांची तसबीर तेव्हा पहिल्या पानावर अशी रंगवली जात होती.

व्हिडिओ सुरू होतो १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाच्या जुन्या कृष्णधवल चित्रफितीने. लाखोंची शांत गर्दी, मार्टिन ल्यूथर किंग यांचं ते भाषण. मग चित्र रंगीत होतं, ब्रुकलिनचा रस्ता दिसतो, आणि चक डी सांगतो की आमचा मार्ग त्या मोर्चाचा नाही. त्या थोर दिवसाबद्दल तो बेफिकिरीने बोलतो आणि मला ते प्रत्येक वेळी खटकतं. ज्यांनी १९६३ मध्ये पायपीट केली, त्यांच्यामुळेच १९८९ चा मोर्चा शक्य झाला. पण पंचवीस वर्षांनंतरही गल्लीत तेच मरण पाहणाऱ्या तरुणाला धीर संपल्यासारखा वाटावा, हेही मी समजू शकतो. चित्रफीत तिथे जोडली, यातच नातं कबूल केलेलं आहे. तोंडाने झिडकारलं, तरी संकलनाच्या टेबलावर वडीलधाऱ्यांना पहिली जागा दिली.

मग येतात फलक, आणि या व्हिडिओचा जीव तिथे आहे. अंगात गाण्याचं नाव छापलेले टी-शर्ट घातलेली माणसं काठ्यांवर मोठाले फोटो धरून चालताहेत. त्यांतले काही चेहरे आपण ओळखून घेऊ. फ्रेडरिक डग्लस, गुलामीतून पळून आलेला आणि देशाच्या मनाला हलवून सोडणारा वक्ता. पॉल रोबसन, गायक आणि नट. १९५० मध्ये सरकारने त्याचा पासपोर्ट काढून घेतला आणि १९५८ पर्यंत परत दिला नाही. महंमद अली, १९६७ मध्ये व्हिएतनामच्या युद्धात जायला नकार दिला म्हणून त्याचं विश्वविजेतेपद हिरावलं गेलं. अँजेला डेव्हिस, १९७० मध्ये एफबीआयच्या सर्वांत हव्या असलेल्या दहा आरोपींच्या यादीत तिचं नाव होतं, १९७२ मध्ये ज्यूरीने तिला निर्दोष ठरवलं. आणि मार्कस गार्व्ही, जमैकाहून आलेला, लाखो कृष्णवर्णीयांना स्वाभिमान शिकवणारा नेता. त्याला टपालाच्या गैरवापराच्या आरोपाखाली १९२३ मध्ये दोषी ठरवलं आणि पुढे देशाबाहेर घालवलं.

हे चेहरे एका रांगेत पाहिले की कळतं, ही निवड सहज झालेली नाही. यांतल्या बहुतेकांना कधी ना कधी सरकारने गुन्हेगार किंवा देशद्रोही मानलं होतं. ज्यांचा फोटो पोलिसांच्या दफ्तरात होता, तो आता लोकांच्या डोक्यांवर होता. सोबत आणखी एक प्रकारचे फलक होते. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला पक्षांची जी अधिवेशनं भरतात, त्यांत प्रत्येक राज्याचे प्रतिनिधी आपल्या राज्याच्या नावाच्या पाटीखाली बसतात. तशाच पाट्या इथे गर्दीत उंच धरल्या होत्या. सांगणं स्पष्ट होतं. जे अधिवेशन तुम्ही आमच्यासाठी कधी भरवलं नाही, ते आम्ही रस्त्यावर भरवतो.

मोर्चा येऊन थांबतो स्टायव्हेसंट ॲव्हेन्यूवरच्या त्याच गल्लीत, जिथे आदल्या उन्हाळ्यात चित्रपट झाला होता. तिथे मंच उभा केलेला. पुढे चक डी, फ्लेव्हर फ्लेव्ह, बाजूला गणवेशातले शिस्तबद्ध स्वयंसेवक, मागे गटाचा डीजे टर्मिनेटर एक्स. समोर गच्च गर्दी, खिडक्यांतून आणि पायऱ्यांवरून पाहणारे रहिवासी. गल्लीतली पोरं नाचताहेत, आया कडेवर लेकरं घेऊन उभ्या आहेत. कॅमेरा ताऱ्यांच्या चेहऱ्यांवर अडकून पडत नाही, तो गर्दीत शिरतो. गाणं मंचावरून येतं, पण चित्र लोकांचं आहे. तोवर हिप-हॉपच्या व्हिडिओने एका आख्ख्या वस्तीला क्वचितच असा नायकाचा मान दिला होता.

चित्रपट मे महिन्यात कानच्या महोत्सवात दाखवला गेला आणि ३० जूनला अमेरिकेत प्रदर्शित झाला. गाणं मोटाउन कंपनीने काढलं आणि रॅपच्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर गेलं. काही नामवंत समीक्षकांनी लिहिलं की हा चित्रपट पाहून कृष्णवर्णीय पोरं दंगे करतील. दंगे झाले नाहीत. झालं ते उलटंच. २३ ऑगस्ट १९८९ च्या रात्री ब्रुकलिनच्याच बेन्सनहर्स्ट भागात जुनी मोटार विकत घ्यायला गेलेल्या युसुफ हॉकिन्स या १६ वर्षांच्या मुलाला गोऱ्या जमावाने घेरलं आणि तो गोळीने मेला. त्या उन्हाळ्यात पुन्हा मोर्चे निघाले, या वेळी कुठल्याही कॅमेऱ्यासाठी नव्हे. नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कने डेव्हिड डिंकिन्स यांना निवडून दिलं. ते शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर.

याच काळात पब्लिक एनिमीच्या घरालाही तडा गेला. मे महिन्यात प्रोफेसर ग्रिफ या सदस्याची एक मुलाखत छापून आली, तिच्यात ज्यूंविषयी विखारी विधानं होती. चक डीने माफी मागितली, ग्रिफला बाजूला केलं, गट काही काळ विस्कळीत झाला. याला पांघरूण घालून गाण्याचं मोठेपण वाढत नाही. दुसऱ्याने आपली तसबीर विद्रूप केली म्हणून लढणाऱ्याने तिसऱ्याची तसबीर विद्रूप करावी, ही त्या लढ्याशी प्रतारणाच होती. तसंच त्या फलकांवर पुरुषांचीच दाटी आहे, हेही नोंदवायला हवं. चांगल्या गाण्याचा प्रश्न गाणाऱ्यांनाही सोडत नाही.

आपल्याकडच्या वाचकाला हा तसबिरीचा प्रश्न परका वाटू नये. अमेरिकेत १९६६ मध्ये ब्लॅक पँथर पक्ष निघाला आणि त्याच्या नावावरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. हे नातं राजा ढाले, नामदेव ढसाळ, ज. वि. पवार यांच्या पिढीने जाणून जोडलं होतं. आपल्या वस्त्यांत चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत फोटो पुढे असतो आणि गाणं त्याच्या मागे चालतं. आंबेडकरी जलशांनी हे आधीच ओळखलं होतं. ‘फाइट द पॉवर’ ज्यात समाविष्ट झालं, तो ‘फिअर ऑफ अ ब्लॅक प्लॅनेट’ हा अल्बम १० एप्रिल १९९० रोजी निघाला. त्याच आठवड्यात, १२ एप्रिल १९९० रोजी, दिल्लीत संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचं तैलचित्र लावलं गेलं. घटना लिहिणाऱ्या माणसाला त्या सभागृहाच्या भिंतीवर यायला चाळीस वर्षं लागली. या दोन तारखांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. प्रश्न मात्र तोच होता.

पुढे गाण्याला मानसन्मान मिळाले. तो अल्बम अमेरिकेच्या संसद ग्रंथालयाने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय नोंदवहीत घेतला. चित्रपटही १९९९ मध्ये राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत आला. रेडिओ रहीमचा टेपरेकॉर्डर आता वॉशिंग्टनच्या आफ्रिकन अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. स्टायव्हेसंट ॲव्हेन्यूच्या त्या गल्लीला २०१५ मध्ये चित्रपटाचं नाव दिलं गेलं. जॉर्ज फ्लॉइड पोलिसाच्या गुडघ्याखाली मेला त्या २०२० च्या उन्हाळ्यात पब्लिक एनिमीने नव्या पिढीच्या गायकांना सोबत घेऊन हे गाणं नव्या शब्दांसह पुन्हा गायलं. एकतीस वर्षांनंतरही त्याची गरज पडावी, हा गाण्याचा विजय असेल, पण देशाचा नाही.

आणि टपालाची तिकिटं? जानेवारी १९९३ मध्ये एल्विसचं तिकीट निघालं, ५० कोटींच्या संख्येने. माल्कम एक्सचं तिकीट २० जानेवारी १९९९ रोजी हार्लेमच्या अपोलो नाट्यगृहात प्रकाशित झालं, पॉल रोबसनचं २००४ मध्ये. जुलै २०२० मध्ये टपाल खात्याने खुद्द हिप-हॉपवर चार तिकिटं काढली. गाण्याची तक्रार पुराव्यानिशी खरी होती, आणि ती मांडल्यावाचून काही हललंही नसतं.

चित्रपटाच्या शेवटाकडे सॅलचं दुकान जळत असतं. माल्कम एक्स आणि मार्टिन ल्यूथर किंग यांचा एकत्र फोटो विकत फिरणारा स्मायली नावाचा तोतरा मुलगा आगीत शिरतो आणि त्या काळवंडलेल्या भिंतीवर तो फोटो टाचतो. भिंतीवर जागा मिळते, पण तोवर दुकान उरलेलं नसतं. जागा वेळेवर द्यायची असते, एवढंच ते दृश्य सांगतं. मार्कस गार्व्ही १९४० मध्ये वारला. टपालाच्या त्या खटल्यात अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याला माफी दिली ती जानेवारी २०२५ मध्ये. बेड-स्टायच्या पोरांनी त्याचा फोटो काठीवर उंच धरून रस्त्याने नेला होता, त्याला तेव्हा पस्तीस वर्षं होऊन गेली होती.